आईचे राहिलेले आभार

माझ्या आईला एका जागी बसता येत नाही. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली असावी. आणि अशा बाईनं नोकरी धरली ती आठ तास एका खुर्चीत बसायची. बसस्थानकाच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, काचेची एक खोली आहे. खोली कसली, कपाटाला खिडकी पाडावी एवढीशी जागा. तिथे एक माइक, बटणांची एक जुनी पेटी, भिंतीवर गाड्यांच्या वेळांचा तक्ता आणि आई. चौतीस वर्षं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" हे वाक्य तिनं किती वेळा म्हटलं असेल, हे मी एकदा सुट्टीत बसून काढलं होतं. मी शाळेत गणित शिकवते, मला असले नसते उद्योग सुचतात. आकडा ऐकून ती म्हणाली, "आणि एवढं करून लक्ष कोण देतं?"

स्टँडवर तिला सगळे फलाटबाई म्हणतात. ड्रायव्हर-कंडक्टर म्हणतात, चहावाला म्हणतो, आता तर तिच्या सहीखालीसुद्धा कुणी तरी पेन्सिलीनं तेच लिहून ठेवलंय. बाबा त्याच डेपोत गाड्यांच्या सीटा शिवतात. त्यांनी आईला आधी ऐकलं आणि सात-आठ महिन्यांनी पाहिलं. "मी ऐकण्यात फसलो" असं ते अजून येईल त्या पाहुण्याला सांगतात आणि आई दर वेळी त्यांच्या पाठीत एक धपाटा घालते. खोटं कशाला बोलू, त्या आवाजात काही तरी होतं खरं. गोड नव्हता, पण ऐकलं की आपली गाडी चुकणार नाही असा भरवसा वाटायचा.

तो आवाज गेल्या वर्षी बसला. आधी आठवडाभर, मग महिनाभर. आईनं गुळण्या केल्या, वाफ घेतली, माइकवर दोष ढकलला. एक दिवस "फलाट क्रमांक" इतकंच ऐकू आलं आणि पुढचा आकडा आलाच नाही. खाली शंभर माणसं माना वर करून आकड्याची वाट बघत उभी. त्या दिवशी ती निमूट डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आहेत, साध्या आहेत, काढून टाकू. पण नंतर सहा आठवडे मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, ते तर बोलण्याहून वाईट. आणि सगळं नीट झालं तरी पूर्वीचा आवाज येईलच याची खात्री देता येणार नाही.

ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात ती येरझाऱ्या घालत होती. मागून उघडा असलेला दवाखान्याचा झगा, त्यावरून माझी ओढणी आणि ओठ सारखे हलताहेत. मी म्हटलं, "काय पुटपुटतेस?"

"आमचं बोलणं चाललंय. तू मध्ये पडू नकोस."

"कुणाशी?"

तिनं छताकडे बोट दाखवलं आणि वळली. ते तिच्या जुन्या आवाजातलं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं.

तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर मी तिच्या हातात शाळेतली एक पाटी ठेवली. तिनं पहिल्यांदा लिहिलं ते, 'पंखा वाजतोय, तेल घाल.' आणि दुसऱ्यांदा लिहिलं ते हे: 'आवाज परत आला तर पहिलं वाक्य देवाचं. आभाराचं. सगळ्यांसमोर. शब्द दिलाय.'

हे वाचून मी चकित झाले, कारण आमच्या प्रार्थनाघराची रीत मला माहीत होती आणि आईही माहीत होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रार्थना संपली की ज्याला देवाचे आभार मानायचे तो उभा राहतो. नुसतं 'आभारी आहे' म्हणून खाली बसता येत नाही. गुरुजी प्रत्येकाला विचारतात, "काय मागितलं होतं?" आणि जे मागितलं ते त्याच शब्दांत, सगळ्यांदेखत सांगायचं. मागणं सांगितल्याशिवाय आभार पुरे होत नाहीत, असा तिथला नियम. त्यामुळे एकेक मजा ऐकायला मिळते. बेकरीवाल्याच्या बायकोनं 'माझ्या दिराची बदली होऊ दे, शक्यतो लांब' असं मागितलं होतं, ते तिला दिरासमोर सांगावं लागलं. बाबा तर वर्षातून चारदा उभे राहतात. हरवलेली कात्री सापडली तरी उभे. पण माझी आई, जिच्या आवाजानं अख्खं स्टँड हलतं, ती माझ्या आठवणीत एकदाही उभी राहिलेली नाही. गुरुजी "अजून कुणी?" म्हणाले की ती चपलेच्या पट्ट्याकडे बघत बसायची. मला वाटायचं, आठवडाभर माइकपुढे बोलून बाई कंटाळत असेल.

ते सहा आठवडे आमच्या घरानं कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. बोलता येत नाही म्हटल्यावर तिची सगळी ताकद हातापायांत उतरली. खिडकीपासून दारापर्यंत नऊ पावलं, दारापासून खिडकीपर्यंत नऊ. कपाटं तीनदा आवरून झाली. आम्हाला हाक मारायची तर चमचा ताटावर आपटायची: एकदा म्हणजे मी, दोनदा म्हणजे बाबा, तीनदा म्हणजे दोघंही ताबडतोब. बाबा म्हणायचे, "बोलत होती तेव्हा घरात जास्त शांतता होती." पाटीवर ती एकच प्रश्न पुन्हापुन्हा लिहायची: 'किती दिवस राहिले?' मी आकडा सांगायचे. अर्ध्या तासानं पुन्हा ताटावर चमचा, पुन्हा तोच प्रश्न.

डॉक्टरांनी मौन सोडायचा दिवस दिला तो शुक्रवार. आभाराचा रविवार त्याला लागूनच. आईनं हे आधीच कॅलेंडरवर बघून ठेवलं होतं. तिच्या मते ती वरूनच झालेली व्यवस्था होती. शुक्रवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आ म्हणा." आईनं मान हलवली. त्या पुन्हा म्हणाल्या, "आ म्हणा, मला तंतू बघायचेत." आईनं पाटी पुढे केली: 'हा पहिला शब्द धरला जाईल का?'

"बाई, मी घसा बघते, पापपुण्य नाही बघत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाहेर तीस पेशंट बसले होते, डॉक्टरीणबाईंचा काही दोष नव्हता.

मी बाहेर येऊन गुरुजींना फोन लावला. एवढं गणित शिकून माझ्यावर ही वेळ. गुरुजींनी प्रश्न अगदी गंभीरपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "'आ' घशाचा असतो. शब्द जिभेचा. खुशाल म्हणू देत."

मग आई "आ" म्हणाली. सहा आठवड्यांनी ऐकला मी तो आवाज. पूर्वीचा नव्हता. खाली उतरला होता आणि त्याला एक खरखरीत कड आली होती, पण आवाज होता. माझे डोळे भरून आले आणि राग आला, मला दोन्ही एकदमच येतं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं: कामावर रुजू होण्यास हरकत नाही. आई तोंडाला कुलूप लावून तशीच घरी आली. रविवार दोन दिवसांवर होता.

शनिवारी तो कागद द्यायला आम्ही दोघी स्टँडवर गेलो. या सहा आठवड्यांत तिथे एक यंत्र बसवलं होतं. आधी भरून ठेवलेला एक गोड आवाज वेळ झाली की आपोआप सूचना द्यायचा. मी त्याला यंत्रताई म्हणते. मुख्यसाहेबांनी कागद वाचला आणि नीट समजावून सांगितलं: मंगळवारी सकाळी दहा वाजता आवाजाची चाचणी. माइकवर एक कागद वाचून दाखवायचा. जमलं तर खुर्ची परत. नाही जमलं किंवा आल्याच नाहीत, तर यंत्र कायम, आणि आईनं निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसायचं, लोकांच्या विसरलेल्या छत्र्यांच्या सोबतीनं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यालाही वरून विचारणा होत होती. आईनं मान डोलावली.

आम्ही जिना उतरून खाली आलो आणि तेवढ्यात यंत्रताई बोलली. अमुक गाडी फलाट क्रमांक पाचवर उभी आहे. ती उभी होती सातवर, आम्हाला समोर दिसत होती, इंजिन चालू, कंडक्टर दारात. गाडीची जागा ऐन वेळी बदलली होती आणि यंत्राला ते कुणी सांगितलं नव्हतं. एक म्हातारं जोडपं दोन बोचकी आणि एक पिंजरा घेऊन पाचकडे धावायला लागलं. पिंजऱ्यात पोपट होता, तो ओरडत होता. मी आईकडे बघितलं. तिच्या गळ्यातली शीर वर आली होती. मी तिचा दंड धरला, पण उशीर झाला.

"पाच नाही! सात! अहो आजोबा, सात नंबर! पळा!"

सगळं स्टँड वळून बघायला लागलं. म्हातारा-म्हातारी वळले, गाडीत चढले, पोपटसुद्धा चढला. चहावाला हातातली किटली उंच करून ओरडला, "फलाटबाई आल्या!" दोन-तीन ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. आणि माझी आई दोन्ही हात तोंडावर दाबून पाण्याच्या नळापाशी उभी होती, काही फोडल्यासारखी.

जित्याची खोड, दुसरं काय. पण देवाला दिलेलं पहिलं वाक्य सात नंबरला गेलं होतं.

रविवारी ती प्रार्थनाघरात आली, पण पाटी घेऊन. शनिवारी दुपारपासून पुन्हा मौन. गुरुजींनी "अजून कुणी?" असं एकदा विचारलं, मग आमच्याकडे बघून पुन्हा विचारलं. मी कोपरानं ढोसलं. तिनं पाटी छातीशी घट्ट धरली आणि चपलेचा पट्टा बघायला लागली. बाबा मात्र उभे राहिले आणि "बायकोचा आवाज परत मागितला होता, आला, ती वापरत नाही तो भाग वेगळा" म्हणून खाली बसले. सगळे हसले. आई हसली नाही.

बाहेर आल्यावर गुरुजी स्वतःहून जवळ आले. सगळी हकीकत मी सांगितली. ते म्हणाले, "कुणाची गाडी चुकू नये म्हणून निघालेला शब्द देव परका मानेल का? उलट तुमचं काम आता सोपं झालं. पुढचा शब्द त्याला द्या." मला पटलं. कुणालाही पटेल. आईनं त्यांना नमस्कार केला आणि घरी येऊन पाटीवर लिहिलं: 'पुन्हा पहिल्यापासून. सहा आठवडे.'

"आणि मंगळवारची चाचणी?" मी विचारलं.

तिनं पाटी पुसली.

रविवारची दुपार आणि सगळा सोमवार असाच गेला. नऊ पावलं, वळण, नऊ पावलं. मला शाळेच्या वह्या तपासायच्या होत्या आणि माझं लक्ष लागेना. खिडकीशी गेली की ती काच पुसायची, दाराशी गेली की कडी हलवून बघायची. शेवटी सोमवारी संध्याकाळी मी वही आपटली.

"आई, खरं सांगू? तुला त्या पहिल्या शब्दाचं काही पडलेलं नाही. तो गेला तेव्हा तुला बरंच वाटलं. उभं राहायचं टळलं ना! सहा आठवड्यांनी आणखी काही तरी निघेल. तुला आभार मानायचेच नाहीयेत. नाही मानायचे तर नको मानूस, पण त्यापायी खुर्ची कशाला घालवतेस?"

ती थांबली. खोलीच्या मधोमध, साडेचार पावलांवर. मग खाली बसली. ती बसली म्हणजे काही तरी मोठं आहे हे मला कळायला हवं होतं. तिनं पाटी मांडीवर घेतली.

इथे मला एक सांगितलं पाहिजे. मला एक जुळी बहीण होती, ती जन्माच्या दिवशीच गेली, एवढं मी बाबांकडून एकदा ऐकलं होतं. घरात तो विषय कधी निघत नसे. मीही काढला नाही. आपण आपल्या आईबापांना काय काय विचारलं नाही याची यादी केली तर पाटी पुरणार नाही.

आईनं लिहिलं: 'सातव्या महिन्यात तुम्ही दोघी आलात. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही.' मी वाचलं. तिनं पुसलं.

'मी म्हटलं, देवा, दोघींतली एक तरी ठेव. सगळ्यांसमोर तुझे आभार मानीन.' पुसलं.

'ठेवली.' हे तिनं तळहातानं पुसलं.

मग लिहिलं: 'मी एकच मागितली.'

हे तिनं पुसलं नाही. त्याच्याखाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहीत गेली. दोन मागितल्या तर हाव वाटेल असं तेव्हा वाटलं. देव रागावेल आणि एकही देणार नाही असं वाटलं. त्यानं अगदी मागितलं तेवढंच दिलं, शब्दाला शब्द. 'आता तिथे उभं राहून सांगू, काय मागितलं होतं? लोक म्हणतील, आईनं दोन का नाही मागितल्या? तीच म्हणेल.'

त्या 'ती'चा अर्थ मला लगेच कळला.

देवानं शब्द पाळला म्हणून ही बाई एकतीस वर्षं बेचैन होती. नसता पाळला तर कदाचित सुखानं बसली असती. मला सुचलं नाही की मी रागावते, आणि रागावले की तोंडाला येईल ते बोलते. मी म्हटलं, "रोज माइकपुढे बसून काय करतेस तू? आलेली गाडी सांगतेस. आणि रद्द झालेली सांगत नाहीस का? तीसुद्धा सांगतेसच ना? त्याच आवाजात?"

बोलले आणि माझीच जीभ मला चावावीशी वाटली. मी उठून स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागले.

बाबा मागच्या दारात बसून एका सीटचं कव्हर शिवत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते सुई न थांबवता बोलले, पण मुद्दाम एवढ्या मोठ्यानं की बाहेरच्या खोलीत ऐकू जावं.

"तिनं एक तरी मागितली. मी तर एकही मागितली नव्हती."

मी नळ बंद केला.

"मला बाहेर बाकावर बसवलं होतं. नर्स म्हणाली, तिघींचंही काही खरं नाही. मी म्हटलं, देवा, पोरींचं तू बघ, मला माझी बायको दे. त्याच महिन्यात प्रार्थनाघरात उभा राहून सांगितलं सगळ्यांना. ही तेव्हा दवाखान्यातच होती, हिला कोण सांगणार? आणि नंतर तुझ्याकडे बघून मला लाज वाटायची, म्हणून मीही नाही सांगितलं." त्यांनी दोरा दातानं तोडला. "मागताना माणूस घाबरलेला असतो गं. घाबरलेल्या माणसाचं मागणं देव काय तराजूत घालून बघतो?"

बाहेरच्या खोलीत नऊ पावलं वाजली नाहीत. मी डोकावून पाहिलं तर आई पाटी तशीच मांडीवर घेऊन बसली होती, आणि बसलेलीच राहिली.

मंगळवारी सकाळी ती उठली, आवरलं, कामावरची निळी साडी नेसली आणि दारात जाऊन उभी राहिली. बोलली काही नाही. पाटी टेबलावरच होती. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. रस्ताभर मी तिला काही विचारलं नाही, कारण मला उत्तराची भीती वाटत होती. स्टँडवर ती जिना चढून गेली. वरच्या खोलीत मुख्यसाहेब, एक कारकून आणि आई एवढेच मावत होते, म्हणून मी खाली नळापाशी थांबले, सातच्या समोर. चाचणी खोलीतल्या छोट्या स्पीकरवर व्हायची होती, त्यामुळे मला खाली काही ऐकू येणार नव्हतं. घड्याळात दहा वाजून चार मिनिटं झाली, सात झाली. यंत्रताई दोनदा बोलून गेली. मी डाव्या हाताची नखं संपवून उजव्या हाताकडे वळले. काचेपलीकडे आईची पाठ दिसत होती. साहेब कागद दाखवत होते. ती बोलत होती की नाही ते पाठीवरून कळेना.

मग सगळ्या स्टँडभर टक्-टक् असं वाजलं.

माइक सुरू केला की आई त्यावर नखानं दोनदा वाजवते, चौतीस वर्षं. तिनं काचेकडे वळून सगळ्या स्टँडचं मोठं बटण दाबलं होतं. चुकून दाबलं असं नंतर तिनं साहेबांना सांगितलं. ती पेटी तिला डोळे मिटूनही वापरता येते, तेव्हा मी त्यावर काही बोलत नाही.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." तो खालचा, खरखरीत आवाज. चहावाला किटली धरून थांबला. "ही सूचना गाडीची नाही."

थोडा वेळ नुसता तिचा श्वास ऐकू आला.

"एकतीस वर्षांपूर्वी मला दोन मुली व्हायच्या होत्या. मी घाबरले होते. मी देवाला म्हटलं, दोघींतली एक तरी ठेव, सगळ्यांसमोर तुझे आभार मानीन. त्यानं एक ठेवली. त्यानं शब्द पाळला, मी पाळला नाही. यंदा आवाज मागितला, तोही त्यानं दिला. या दोन्हींसाठी मी आज सगळ्यांसमोर त्याचे आभार मानते. जी ठेवली ती आता सात नंबरपाशी नळाजवळ उभी आहे आणि नखं खाते आहे. जी ठेवली नाही ती अडीच तास होती. त्या अडीच तासांचेही आभार. आभाराला झालेल्या उशिराबद्दल मी दिलगीर आहे."

माझ्या शेजारी बॅगेवर बसलेल्या माणसानं मला विचारलं, "काय म्हणाल्या? कुठली गाडी लेट आहे?" पलीकडे एका बाईनं डोळ्यांना पदर लावला होता. बाकी बरीचशी माणसं आपापल्या पिशव्या मोजत होती. आई म्हणते तेच खरं, एवढं करून लक्ष कोण देतं. मुख्यसाहेबांनी नंतर तिला लेखी समज दिली आणि त्याच कागदाच्या खाली शेरा मारला: 'आवाज चालेल. मजकूर चालणार नाही.' खुर्ची परत मिळाली. पुढच्या आभाराच्या रविवारी गुरुजींनी "अजून कुणी?" म्हटल्यावर ती उभी राहिली आणि हेच सगळं पुन्हा एकदा नीट सांगितलं, माइकशिवाय, आणि बाबांनी त्या दिवशी काही सापडलं नसतानाही उभं राहून टाळ्या वाजवल्या. घरात ती अजूनही येरझाऱ्या घालते. तो स्वभावच आहे, त्याला औषध नाही.

पण त्या मंगळवारी, दिलगीर आहे म्हटल्यावर, तिनं माइक लगेच बंद केला नाही. मग तिनं आम्हा दोघींची नावं घेतली, एका श्वासात, पाठोपाठ, अंगणात खेळणाऱ्या जुळ्यांना जेवायला हाक मारावी तशी. आधी माझं, ते मी रोज ऐकते. मग दुसरं. माझ्याच नावाला जुळणारं, एका अक्षराचा फरक. घरात दोन पोरी असत्या तर रोज गोंधळ उडाला असता असं नाव. मला ते ठाऊकच नव्हतं. ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, सातच्या समोर, नळापाशी, आणि का कोण जाणे, मी "ओ" दिली.